कटोऱ्याच्या बुडाचं नाव

जालन्यात भांड्यांच्या गल्लीत आमचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मोठ्या दुकानांच्या मधला सहा हातांचा बोळ, पुढं फळी आणि मागं पडदा. आमचे अण्णा, म्हणजे वडील, भांडी विकत नसत. विकलेल्या भांड्यांवर नाव टाकून देत. टोकदार छिन्नी, बोटाएवढी हातोडी, आणि ठक ठक ठक, एकेक ठिपका. अण्णांची नजर मंदावली आणि त्याच साली मी सासरहून माघारी आले, तेव्हा छिन्नी माझ्या हातात आली. वय चोवीस. लग्नात दिलेली माझी भांडी तिकडंच राहिली, नावासकट. त्या घरात अजून कुणी माझ्या नावाच्या तांब्यानं पाणी पीत असेल. पिऊ दे मेलं.

दुष्काळ सरून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. दुष्काळात लोकांनी घरची भांडी मोडीत काढली आणि अण्णांनी टाकलेली नावं त्यांनाच कानशीनं घासून काढावी लागली. त्या कामाचा अण्णांचा एक नेम होता. नाव घासायचं तर त्या घरची बाई समोर पाहिजे. तिनं भांडं स्वतःच्या हातानं द्यायचं आणि ‘काढा’ म्हणायचं. माणूस मेलेला असो की भांडं विकायचं असो, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून अण्णा कानस हातात धरत नसत. "नाव टाकताना आपण कुणाला इचारत न्हाई," ते म्हणायचे, "पण काढताना बराबर इचारायचं."

मी हसायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं एक खूळ.

आमच्याकडं एक गिऱ्हाईक होतं, गल्लीच्या मागच्या मोहल्ल्यातली बीबी. साठीच्या पुढची, गोरीपान, डोळे राखी. निजामाच्या काळात हैदराबादला कुठल्या तरी बड्या घरात तुर्कस्तानची सून आली, तिच्याबरोबर ज्या पोरी आल्या त्यांतली ही एक. तिथंच एका मास्तरशी तिचा निकाह झाला, आणि मास्तरची बदली जालन्याच्या उर्दू शाळेत झाली. मूलबाळ नाही. मास्तर सोडले तर तिची भाषा कळणारं माणूस अख्ख्या जालन्यात नव्हतं, आणि मास्तरांनाही ती मोडकीतोडकीच यायची.

बीबीकडं लग्नाच्या जेवणावळीची तांब्याची मोठी डेग होती. ती मोहल्ल्यात सगळीकडं मागून न्यायचे, म्हणून तिच्यावर नाव पाहिजेच. भांडं फिरायला गेलं तरी नाव वाचून लोक घरी आणून देतात, आमचा धंदाच त्यावर. अण्णांनी पूर्वी कधीतरी डेगीवर मास्तरांचं नाव टाकलं, तर बीबीनं डेग परत पाठवली. निरोप काय, तर नुसतं नाव चालत नाही. डेग कुणाची ते डेगीनंही सांगायला हवं.

मी कामाला बसल्यावर ती स्वतःच फळीवर येऊन बसायची आणि मला शिकवायची. पुस्तक नाही, पाटी नाही, हातात भांडं आणि तोंडात दख्खनी.

"डेग म्हंजे कझान. मेरी डेग, कझानिम. तेरी डेग, कझानिन. उसकी डेग, कझानी. समझी?"

"समजले."

"घर म्हंजे एव्ह. मेरा घर?"

"एव्हिम."

"शाब्बास, किझिम!" किझ म्हणजे मुलगी, पुढचं इम म्हणजे माझी. ते मला न शिकवता कळलं.

मग घरात म्हणजे एव्हदे, घराकडं म्हणजे एव्हे, घरातून म्हणजे एव्हदेन. पण डेगीत म्हणायचं तर कझानदे नाही, कझानदा. का? तर पुढच्या तुकड्यानं मागच्या शब्दाच्या सुरात सूर मिळवायचा. मागं ‘आ’ असेल तर पुढंही ‘आ’. मी म्हटलं, "बीबी, तुमच्या भाषेत प्रत्ययसुद्धा सासरी नांदायला आल्यावानी वागतेत." ती पोट धरून हसली. मग म्हणाली, नांदतात ते बरंच आहे, तुटून तर येत नाहीत. मला लागलं. तिच्या लक्षात आलं आणि तिनं माझ्या गालाला हात लावला.

सगळ्यात नवल वाटलं ते मास्तरांच्या डेगीचं. आपण म्हणतो, मास्तरांची डेग. एक गाठ मारली की झालं. तिच्याकडं दोन्ही टोकांना गाठ. मास्तर म्हणजे होजा, होजानिन कझानी. मास्तरांची, डेग-त्यांची. मालकालाही गाठ, मालालाही गाठ. "मी म्हणते ही त्याची," बीबी सांगायची, "और डेग भी बोलती, हौ, मैं उसकी." घरातली सगळी भांडी एकदम बोलायला लागली तर काय म्हणतील, असं काहीतरी मनात आलं. मी मान खाली घालून ठिपके मारत राहिले.

बीबीला नागरी वाचता येत नव्हतं. काम झालं की ती बोट फिरवायची आणि शेवटच्या अक्षरावर थांबायची. तिचं सगळ्यात आवडतं भांडं होतं मास्तरांचा पाणी प्यायचा कटोरा. तांब्याचा, आतून कल्हई केलेला. कडेला नक्षी होती, म्हणून अण्णांनी नाव बुडाला टाकलं होतं. मास्तरांचं नाव, आणि खाली एकच शब्द, होजाम. माझे होजा. मास्तरांना ती घरात त्याच नावानं हाक मारायची. भर बाजारात ती हाक आली की एवढे कडक मास्तर, छडीवाले, लाजायचे.

मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनला हैदराबादला गेले ते मार्चमध्ये. महिन्यात येतो म्हणून गेले. एप्रिल गेला, मे गेला. पत्र नाही. बीबी रोज फळीवर यायची. काळजी करायची नाही. "नाम है ना बर्तनपर," म्हणायची. डेग कुणाच्याही लग्नाला गेली तरी परत येते, तसे मास्तर येतील, असा तिचा सरळ हिशेब होता. मला तो वेडेपणा वाटला, आणि तेव्हा हसताही आलं नाही.

जूनच्या शेवटी अंबडकडून मास्तरांचा पुतण्या आला. चाळिशीचा, सभ्य माणूस. बरोबर हातगाडी, तिच्यावर बीबीची भांडी. अण्णा मंठ्याच्या बाजाराला गेल्ते. पुतण्या फळीवर बसला आणि रडायलाच लागला. दवाखान्यातून कार्ड आलं होतं, चाचा वारले, मातीही तिकडंच झाली. बीबीला सांगितलं तर ती ऐकूनच घेत नव्हती. भांड्यावर नाव आहे तोवर काही झालं नाही, एवढंच म्हणत होती. तिला एकटीला इथं ठेवायचं कसं? अंबडला न्यायचं तर आधी तिला खरं पटायला हवं.

"नाव काढून द्या ताई," तो म्हणाला. "तिला हाताला लागंल तवाच कळंल."

मी विचारलं, "बीबी का न्हाई आल्या?"

"ती आली असती तर मी कशाला रडलो असतो?"

मला अण्णांचा नेम आठवला. अगदी बरोबर आठवला, विसरले होते असं मी कधीच म्हणणार नाही. पण कार्ड समोर होतं, शिक्का होता, रडणारा माणूस होता. आणि मनात एक गोष्ट अशी होती की बाईनं गेलेल्या माणसाची वाट बघत बसू नये, एकदाचं कळावं. ती माझी स्वतःची गोष्ट होती, बीबीची नव्हती. मी कानस उचलली.

डेग, परात, दोन पातेली. शेवटी कटोरा. बुडाची नावं घासायला सगळ्यात वाईट, कारण तिथं पत्रा आधीच झिजलेला असतो. होजाम हा शब्द निघता निघेना. मी घासत राहिले, बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत.

पुतण्यानं भांडी नेली. मला वाटलं रडण्याचा आवाज येईल. मोहल्ला भिंतीपलीकडंच होता. काही आलं नाही.

संध्याकाळी अण्णा आले. मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते विचारत राहिले, "तिनं काढा म्हणलं व्हतं का? तिच्या तोंडानं?" मी नाही म्हणून मान हलवली. ते पडद्याआड जाऊन बसले आणि जेवले नाहीत.

बीबीनं कटोऱ्याच्या बुडावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग हातातल्या बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या. एवढंच शेजारणींनी सांगितलं. ती इद्दतीला बसली. म्हणजे नवरा मेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं आणि परक्या पुरुषाला तोंड दाखवायचं नाही. पुतण्या अंबडला परत गेला, इद्दत संपली की न्यायला येतो म्हणून.

अकराव्या दिवशी भर दुपारी मास्तर स्टेशनवरून टांग्यानं आले.

मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी पाहिलं. डोळ्यांवर हिरवी पट्टी, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं भिंत चाचपत येत होते. त्याच नावाचा दुसरा एक म्हातारा त्याच वॉर्डात दगावला होता, आणि कार्ड ह्यांच्या पुतण्याच्या पत्त्यावर अंबडला गेलं होतं. ह्यांच्या डोळ्यांत पू झाला, तीन महिने पट्टी, लिहिता येईना. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र कुठं गेलं ते अल्ला जाणे. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मी घासलेला माणूस समोरून चालत येतोय.

मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी दार वाजवलं आणि नेहमीसारखे खाकरले. आतून पडद्याच्या कड्या वाजल्या. बीबीनं पडदा ओढून घेतला होता.

"कौन?" आतून आवाज आला.

मास्तरांनी नाव सांगितलं.

मग बीबी बोलली, अदबीनं, परक्याशी बोलावं तशी. ह्या घरात पुरुषमाणूस नाही, पाहुण्यांनी बाहेरच्या खोलीत बसावं, पाणी पाठवते. पडद्याखालून एक हात आला आणि पाण्याचा पेला ठेवला. साधा, बिननावाचा, पाहुण्यांचा पेला.

"अगं, मी हाय!" मास्तर ओरडले. आवाज फाटला. "मी जित्ता हाय!"

शेजारणी गोळा झाल्या. मौलवीसाहेबांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, कार्ड चुकीचं होतं, हा तुझाच नवरा आहे, इद्दत मोड. बीबी सगळं ऐकायची, हौ म्हणायची, आणि पडदा तसाच. पुतण्या आला, पाया पडला, निघून गेला. चार महिने दहा दिवस झाले, तरी पडदा निघाला नाही. मास्तर बाहेरच्या खोलीत राहायला लागले. दोन वेळा गरम भाकरी, सालन, धुतलेली चादर, कशाला कमी नाही. रागावणं नाही, रुसणं नाही. ती वेडीही झाली नव्हती; बाजारात पै-पैचा भाव करायची, माझ्याशी पूर्वीसारखं हसायची. फक्त दिवेलागणीला पडद्याआडून पाहुण्याला एक वाक्य म्हणायची.

"एव्हिने गित."

एव्ह, घर. इन, तुमचं. शेवटी ए, कडे. तुमच्या घरी जा. रागानं नाही, उशीर झाला तर पाहुण्याला आपण सांगतो तसं. आणि मास्तर त्यांच्या मोडक्या तुर्कीत रोज उत्तर द्यायचे, "एव्हिम बुरासी." माझं घर हेच. मी दोन-तीनदा तिथं असताना ते ऐकलं. आत दिवा, बाहेर अंधारू लागलेलं, मध्ये पडदा, आणि त्या दोघांशिवाय फक्त मला कळणारी ती भाषा. घाबरून मी घरी पळत आले होते, खोटं कशाला बोलू.

काही दिवसांनी मास्तर फळीवर आले. चष्मा जाड भिंगांचा, तरी भांडी हातानंच ओळखायचे.

"बेटी," ते म्हणाले, "मला परत टाक."

मी रडायलाच लागले. मास्तर, मला माफ करा, असं काहीतरी मी म्हणत होते. त्यांनी हातानं गप्प केलं.

"माफीचं राहू दे. ती मला जेवू घालती, पांघरूण घालती. फक्त होजाम म्हणत न्हाई. एकदा म्हणली तरी बास. मेल्यावर म्हणली तर मला काय ऐकू येणाराय?"

मी डेग मागवून घेतली. अण्णांनी बजावलं, घासलेल्या जागेवर नाव परत टाकायचं नाही, पत्रा पातळ झालेला असतो, छिन्नी आरपार जाते. म्हणून मी दुसऱ्या बाजूला टाकलं, माझ्या सगळ्यात चांगल्या हातानं. मास्तरांचं नाव, होजानिन कझानी, दोन्ही गाठींसकट. डेग घेऊन स्वतः गेले. बीबीनं हात लावला. तिचं बोट माझ्या अक्षरांवरून गेलं, पुढं सरकलं, डेगीच्या पोटावरून फिरून पलीकडच्या गुळगुळीत जागेवर आलं आणि तिथंच थांबलं.

"यहां था," ती म्हणाली. "यहां अब न्हाई."

"बीबी, इकडं टाकलंय ना! हे बघा. तेच नाव हाय."

"किझिम," ती मला समजावत म्हणाली, "एक माणूस दो जगह कैसा रहेगा?"

मी परातीवर टाकलं, पातेल्यांवर टाकलं. प्रत्येक वेळी तिचं बोट जुन्या जागेवर जायचं. मास्तर बाहेरच्या खोलीत कान देऊन बसलेले असायचे. मी बाहेर आले की चष्मा पुसायचे.

असं दीड वर्ष चाललं. दुसऱ्या हिवाळ्यात मास्तर त्याच खोलीत गेले, दोन दिवसांच्या तापानं. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते. त्यांनी कटोऱ्यातून पाणी मागितलं. मी पडद्यापाशी जाऊन ओरडले, पाया पडले, तोंडाला येईल ते बोलले तिला, आता आठवलं तरी लाज वाटते. आतून हात आला, पाहुण्यांचा पेला घेऊन. मास्तरांनी तो घेतला. प्याले. पडद्याकडं बघत होते. आतून काही आलं नाही.

पुतण्यानं मातीचं सगळं केलं. बीबीनं पाहुण्यासाठी फातेहा वाचला, मोहल्ल्यात जेवण घातलं. रडली नाही. तिचं रडून झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती फळीवर आली. दीड वर्षात पहिल्यांदा हातात बांगड्या होत्या. पदराखालून तिनं कटोरा काढला आणि माझ्यापुढं पालथा ठेवला.

"मेहमान गया," ती म्हणाली. "बिचारा अच्छा था. अब जगह खाली है. नाम डाल, वो आते."

आतून अण्णांनी ऐकलं असावं. "टाकू नको," एवढंच बोलले.

"दुसरीकडं टाकते बीबी. काठावर."

"न्हाई. जहां था वहींच."

तिनं माझं बोट धरून त्या गुळगुळीत जागेवर ठेवलं. मला नाही म्हणता आलं नाही. ज्या जागी मी ते काढलं होतं तिथं ते परत टाकायची मला स्वतःला तहान लागली होती, हे आज कबूल करते. मी श्वास रोखून ठिपके मारले, अगदी हलके. मास्तरांचं नाव झालं. खाली हो. जा. शेवटच्या म-च्या शेवटच्या ठिपक्याला ठक असा आवाज आला नाही. टिच् असा आला.

मला कळलं, छिन्नी आरपार गेली होती. ह्या धंद्यात तो आवाज कुणी चुकत नाही. "द्या बीबी, जरा डाग लावून देते," मी म्हटलं. पण तिनं कटोरा उचलला होता, तिचं बोट बुडावर होतं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला पुढं बोलवेना. "होजाम," ती म्हणाली. पुटपुटली नाही, हाक मारली, भर बाजारात मारायची तशी. दोन दुकानं सोडून बसलेल्या माणसानं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमूटभर कथील आणि भोकाला डाग द्यायचं सामान घेऊन तिच्याकडं गेले. पडदा काढून घडी करून ठेवला होता. बाहेरच्या खोलीत उंबऱ्याच्या आत, मातीच्या जमिनीवर कटोरा होता. रिकामा. बीबीनं माझा हात धरून मला तिथं नेलं आणि वाकून आत बघायला लावलं.

"शामकू भरके रखी थी," ती म्हणाली, आणि मग तिच्या भाषेत, "इच्ती, गित्ती."

प्याले, गेले.

मी कटोऱ्याखालच्या जमिनीकडं पाहिलं. माती जराशी काळपट होती, बस. बीबीला ते दिसत नव्हतं. तिनं कटोरा उचलला, पदरानं पुसला, संध्याकाळसाठी रांजणाशेजारी पालथा ठेवला. मला चहा दिला. पाहुण्यांच्या पेल्यात नाही, कपात.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. रोज संध्याकाळी कटोरा भरायची, रोज सकाळी मास्तर पाणी पिऊन गेलेले असायचे. कथिलाची पुडी मी प्रत्येक वेळी बरोबर न्यायची आणि तशीच परत आणायची.